नांदूर मध्यमेश्वर: शंभर वर्षांचे कालवे आणि रामसर पाणथळ, गाळ काढायचा की ठेवायचा?

दुर्बीणवाला_पुणे:

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जायचा बेत चाललाय, आईबाबाही सोबत असतील. पक्षी तर बघायचेच आहेत पण मला खरा इंटरेस्ट आहे तिथल्या जुन्या कालव्यांमध्ये, म्हणजे गोदावरी डावा आणि उजवा कालवा. दोन्ही इंग्रजांच्या काळातले, अजून चालू, आणि त्यांच्या मुखाशीच महाराष्ट्रातली पहिली रामसर साईट (म्हणजे रामसर कराराखालची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), हे कॉम्बिनेशन मला फार भारी वाटतं. पण नेटवर जे काही वाचायला मिळतं ते एकतर नुसती पक्ष्यांची यादी असते नाहीतर आवर्तन (कालव्याला ठरवून सोडलेलं पाणी) कधी सुटणार याच्या बातम्या, दोन्ही एकत्र जोडून कोणी सांगतच नाही.

तर विचारायचं असं की हा बंधारा नक्की कशासाठी बांधला, माणसाने केलेल्या तलावाला आंतरराष्ट्रीय पाणथळीचा दर्जा कसा काय मिळाला, आणि अधूनमधून जी मागणी येते की बंधाऱ्यातला गाळ काढा, ती बरोबर आहे की चूक? आणि कालव्याच्या भरावावरून चालत जाता येतं का, की हाकलून देतात? त्या भागातलं कोणी असेल तर प्लीज सांगा, ज्याला जे माहीत आहे ते लिहा, मोठं लिहिलंत तरी चालेल.

---

जुना_पाटबंधारेवाला:

चांगला प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहितो, माझी नोकरी याच खात्यातली, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळ आहे.

आधी एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो तो काढू. नांदूर मध्यमेश्वर हे 'धरण' नाही. म्हणजे पाणी साठवून ठेवायला ते बांधलंच नव्हतं. तो पिकअप वियर आहे, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे आडवा घातलेला दगडी बंधारा. त्याचं काम एकच, नदीची पातळी एवढी उचलायची की पाणी आपल्या उताराने कालव्याच्या तोंडात शिरेल. साठा वर घाटात, इगतपुरी तालुक्यात, दारणा धरणात. ते १९१६ चं, त्याच्या जलाशयाला इंग्रजांनी लेक बील नाव दिलं होतं जसं भंडारदऱ्याला आर्थर लेक म्हणतात तसं. दारणेतून सोडलेलं पाणी नदीनेच खाली येतं, दारणासांगवी गावाजवळ गोदावरीला मिळतं, आणि नांदूरला ते अडवून दोन्ही बाजूला कालव्यात वळवतात. डावा कालवा उत्तरेकडच्या अंगाने कोपरगावकडे जातो, उजवा सिन्नरच्या कडेने कोपरगाव-राहात्याकडे. नदीचंच पात्र मधला कालवा म्हणून वापरायचं ही त्या काळची मोठी काटकसर, नाहीतर घाटापासून कोपरगावपर्यंत कालवा खोदत बसले असते.

आता हे बांधलं का, तर दुष्काळामुळे. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० चा, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून छप्पन्नचा म्हणतात. दख्खनच्या पर्जन्यछायेत माणसं आणि जनावरं दोन्ही गेली. त्यानंतर १९०१ ला सिंचन आयोग बसला, आणि मुंबई इलाख्यात अशी कामं सुचवली गेली की ज्यातून सरकारला फायदा नाही झाला तरी चालेल पण दुष्काळात पीक वाचेल. इंजिनियर लोक त्यांना 'संरक्षक' कामं म्हणायचे. गोदावरीचे कालवे, प्रवरेचे कालवे हे सगळे त्याच लाटेतले. म्हणजे मूळ कल्पना ज्वारी-बाजरी वाचवायची होती. ऊस नंतर आला आणि मग त्याने सगळंच व्यापलं, त्यावर बोलायला बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

गंमत बघा, ज्यांनी बांधलं त्यांच्या डोक्यात एकही पक्षी नव्हता. बंधाऱ्याने पाणी थबकलं, पावसाळ्यातलं गढूळ पाणी थबकलं की त्यातला गाळ खाली बसतो, दरवर्षी थोडा थोडा. पाच-दहा वर्षांत फरक कळत नाही पण शंभर वर्षांत तलावाचा तळ वर येतो, मधे बेटं तयार होतात, कडेला लव्हाळं आणि पाणकणीस माजतं. मग जिथे एकेकाळी नदीचं खोल पात्र होतं तिथे गुडघाभर पाणी आणि चिखल. इंजिनियरच्या भाषेत बंधाऱ्याची क्षमता गेली. पक्ष्यांच्या दृष्टीने हॉटेल उघडलं.

---

शराटी:

काकांनी शेवटी जे लिहिलंय ना तेच खरं उत्तर आहे, मी फक्त पक्ष्यांच्या बाजूने जोडतो. मी नाशिकचा, हिवाळ्यात जमेल तसं जातो तिकडे.

अभयारण्य १९८६ चं, शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, पण त्यात गावं आहेत, शेतं आहेत, द्राक्षबागा आहेत, सगळं पाणी नाही. रामसरमध्ये जो भाग आहे तो साधारण १४३७ हेक्टर, मुख्यतः पाणी आणि त्याच्या कडा. यादीतली तारीख जून २०१९ ची, आणि जाहीर झालं जानेवारी २०२० मध्ये. नंतर त्याच वर्षी लोणार आलं आणि २०२२ ला ठाण्याची खाडी. 'माणसाने केलेलं' असलं म्हणून अडत नाही, रामसर करारात मानवनिर्मित पाणथळी आधीपासूनच धरल्यात. आणि ज्याच्यावरून याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते राजस्थानातलं भरतपूर तरी कुठे नैसर्गिक आहे? ते संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून पाणी खेळवून केलेलं तळं आहे, आणि आज युनेस्कोच्या यादीत आहे.

आता पाण्याच्या पातळीचं सांगतो, कारण ट्रिप प्लॅन करताना हेच कोणी सांगत नाही. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक असली जी बदकं पाण्यात डोकं खुपसून शेपूट वर करून खातात त्यांना उथळ पाणी लागतं. चिखलपायट्यांना म्हणजे तुतवार वगैरे मंडळींना तर पाणी नकोच, ओला चिखल हवा. चमचे आणि चित्रबलाक घोट्याएवढ्या ते गुडघ्याएवढ्या पाण्यात. पाणकोंबड्या आणि वारकरी झाडोऱ्याच्या कडेला. आणि हे सगळं एकाच वेळी मिळतं ते का, तर गाळामुळे तळ उंचसखल झालाय म्हणून. आवर्तन चालू असलं की कालव्याला पाणी जायला पातळी वर ठेवावी लागते, मग चिखलाच्या पट्ट्या बुडतात, छोटे पक्षी पांगतात आणि बदकं मधे पसरून लांब जातात. आवर्तन बंद झालं की पाणी उतरतं आणि दोन-तीन दिवसांत कडा उघड्या पडून नुसती धमाल. त्यामुळे मी तर जायच्या आधी पक्ष्यांचे ग्रुप बघतच नाही, कोपरगावकडच्या पेपरात आवर्तनाची बातमी बघतो 😄

---

टेलचा_माणूस:

शराटीभाऊ तुमची धमाल म्हणजे आमचं पाणी बंद झालेलं असतं एवढं लक्षात असू द्या, रागावून नाही म्हणत पण कोणीतरी बोललं पाहिजे.

आमची जमीन राहाता तालुक्यात, उजव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. टेल म्हणजे काय हे हेडवाल्याला कधीच कळणार नाही. दारणेतून पाणी सुटलं ही बातमी येते, कालव्याच्या मुखाशी पाणी आलं ही बातमी येते, आणि आमच्या चारीला म्हणजे शेताकडे येणाऱ्या पाटाला येईपर्यंत त्याचं काय काय झालेलं असतं. वाटेत भराव फुटलेले, झाडं उगवलेली, दगडी मोऱ्या गळणाऱ्या, आणि रात्री डोंगळे म्हणजे चोरटे पाईप टाकून मोटारीने पाणी ओढणारे आमचेच भाऊबंद. कालवा शंभर वर्षांचा आहे ही तुमच्यासाठी हेरिटेज, आमच्यासाठी ती गळती आहे. आजोबांच्या काळात ब्लॉक होते, म्हणजे सहा वर्षांसाठी ठरावीक क्षेत्राला पाण्याची हमी, त्यात तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि बाकीच्यात हलकी पिकं अशी ती पद्धत. सासवडकडचे माळी बागाईतदार त्या हमीवर इकडे येऊन बसले, त्यांच्याकडून आमच्या लोकांनी बागाईत शिकली. साकरवाडी-लक्ष्मीवाडीचे कारखाने त्याच उसावर चालले आणि पुढे सहकारी निघाले, कोळपेवाडी, संजीवनी, गणेश. हा सगळा भाग त्या पाण्यावर उभा राहिला. आता सात नंबरचा, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज भरतो आणि वाट बघतो.

आणि वरून जायकवाडी आलं. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं, आणि त्यावरून पुढे असं ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के नसेल तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. २०१५, २०१८, २०२३, सगळ्या वेळी तेच. दारणेचं पाणी नांदूरच्या बंधाऱ्यावरून पुढे जाताना आम्ही टीव्हीवर बघतो आणि कालव्याची दारं बंद. मराठवाड्याला पाणी नको असं माझं म्हणणं अजिबात नाही, त्यांची तहान खरी आहे, आमचेच पाव्हणे आहेत तिकडे वैजापूरला. पण ज्यांच्यासाठी हे कालवे खणले त्यांचं नाव यादीत सगळ्यात शेवटी असतं, आता तर पक्ष्यांच्याही नंतर.

दुर्बीणवाले दादा, तुम्ही या जरूर, पण बंधाऱ्यावरून परत जाऊ नका, पाण्यासोबत खाली कोपरगावपर्यंत या म्हणजे कालवा काय चीज आहे ते कळेल.

---

सायखेडकर:

गाळाचा विषय निघालाय म्हणून लिहितोच. आमचं गाव बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. ऑगस्ट २०१९ ला चांदोरी-सायखेड्यात जे पाणी शिरलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा गाळ काढायचा की ठेवायचा. दुकानं गेली, घरं गेली, पुलाला पानवेली (जलपर्णी) अडकून बांध घातल्यासारखं झालं. नाशिकचं गंगापूर धरण, दारणा, कडवा, पालखेड सगळीकडून एकदम विसर्ग आला की तो सगळा नांदूरलाच येतो, आणि तिथे पात्र गाळाने भरलेलं, मग फुगवटा मागे आमच्या अंगावर. आमच्याकडे लहान पोराला पण माहीत आहे हे.

मला पक्ष्यांचं वाकडं नाही. पण पक्षी उडून जातात, आम्ही कुठे जाणार. गाळ काढा म्हटलं की अभयारण्य आडवं येतं, परवानग्या, मग पाहणी, मग पुढचा पावसाळा.

---

दुर्बीणवाला_पुणे:

वा, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. सायखेडकर दादा तुमचा मुद्दा पटतो पण मग एक विचारू का, गाळ काढला तर पूर खरंच कमी होईल का? आणि झाला तर मग पाणथळ राहील का? काका तुम्ही इंजिनियर म्हणून काय म्हणता.

---

जुना_पाटबंधारेवाला:

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात, त्या सुट्या करून बघू.

एक, साठवण. बंधाऱ्यातला गाळ काढला तर खड्डा होईल, त्यात पाणी साठेल, ते आवर्तनाला थोडं उपयोगी पडेल. पण पुराच्या वेळी तो खड्डा आधीच पाण्याने भरलेला असणार. गोदावरीला मोठा पूर असतो तेव्हा जे पाणी जातं त्याच्यापुढे त्या खड्ड्याची जागा काही तासांत संपते. त्यामुळे 'गाळ काढला की पूर गेला' हे मी तरी म्हणणार नाही.

दोन, वाट. पुराला लागते ती वाट. बंधाऱ्याची भिंत आडवी आहे, तिचा माथा ठरलेला आहे, त्यावरून आणि दारांतून जेवढं जाईल तेवढंच जाणार. म्हणून मूळ दगडी भिंतीला नंतर मोठी दारं बसवली, आणि ती पावसाळ्यात वेळेवर उघडी ठेवणं, वरच्या धरणांचे विसर्ग एकमेकांत न गुंतवता टप्प्याने सोडणं, आणि पात्रातली पानवेली पूर यायच्या आधी काढणं, या तीन गोष्टींनी सायखेड्याला जास्त फरक पडेल असं माझं मत आहे. दारांच्या समोरचा आणि मुख्य प्रवाहातला गाळ मोकळा ठेवलाच पाहिजे, त्याला माझा पाठिंबा आहे. पण त्यासाठी अख्खं तळं खरवडायची गरज नाही. कडेचा आणि बेटांचा गाळ तसाच राहिला तरी पुराच्या वाटेत तो फारसा येत नाही.

आणि टेलच्या मित्राला सांगतो, तुमची गळतीची तक्रार शंभर टक्के खरी. पण कालवा पूर्ण काँक्रीटने अस्तर केला की काय होईल याचाही विचार करा. आज कालव्याच्या दोन्ही बाजूच्या विहिरींना जे पाणी आहे त्यातला मोठा भाग कालव्याच्या पाझराचा आहे. अस्तर झालं की टेलला पाणी वाढेल, आणि मधल्या गावातल्या विहिरी खाली जातील, मग ते लोक रात्री अजून डोंगळे टाकतील. उलट बाजूही आहे, जिथे वर्षानुवर्षे उसाला भरपूर पाणी दिलं तिथल्या काळ्या जमिनी चिबडल्या, खारवट झाल्या. दख्खनच्या सगळ्या कालव्यांवर हे १९२० च्या दशकापासून इंजिनियर लोक लिहीत आलेत आणि आपण वाचलं नाही. पाणी कमी पडतं तिथेही नुकसान, जास्त झालं तिथेही.

---

शराटी:

टेलदादा, बरोबर आहे तुमचं, मी ते सहज लिहून गेलो पण त्यामागे कोणाचं तरी पीक असतं हे खरंच. पण एक बाजू बघा. पक्ष्यांना तुमच्या वाट्याचं वेगळं पाणी लागत नाही. तेच पाणी, कालव्यात जाण्याआधी चार दिवस त्यांच्याकडे थांबतं एवढंच. दारणेतून पाणी आलं नाही तर तुमची चारी कोरडी आणि इकडे तळं पण कोरडं. म्हणजे कालवा बंद पडला तर बंधारा कोण सांभाळेल, दारं कोण दुरुस्त करेल, वरून पाणी तरी का सोडतील? पाणथळ टिकायची असेल तर कालवा चालू राहिलाच पाहिजे. हे आमच्या पक्षीवाल्या लोकांना पण पटत नाही बऱ्याचदा, त्यांना वाटतं शेतकरी म्हणजे शत्रू.

भरतपूरचंच उदाहरण घ्या. तिथे गंभीर नदीवरून पाणी यायचं, वर पांचना धरण झालं, आणि २००४ च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला. त्यांचं पण चूक नव्हतं, त्यांच्या शेताला पाणी हवं होतं. पण केवलादेव, म्हणजे भरतपूरचं तेच तळं, सुकलं, पक्षी आलेच नाहीत, जागतिक वारसा धोक्यात अशी बोंब झाली. शेवटी लांबून चंबळचं पाणी पाईपने आणायची वेळ आली. नांदूरला हे अजून झालेलं नाही याचं कारण हेच की इथे तळं मधे आहे आणि शेती दोन्ही बाजूला, पाणी तळ्यातून गेल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही.

खरा धोका मला विचाराल तर शेतकरी नाही, नाशिकचं सांडपाणी आहे. शहराची घाण गोदावरीतून खाली येते, त्यावर पानवेली पोसतात, आणि त्या एकदा पसरल्या की उघडं पाणीच राहत नाही. खाली अंधार, ऑक्सिजन कमी, मासे कमी, मग बदकं बसणार कुठे. आणि सायखेडच्या पुलाला अडकते ती पण हीच पानवेल. तुमचा पूर आणि आमची बदकं, दोघांचा वैरी एकच आहे सायखेडकर.

---

सायखेडकर:

ते मान्य. पानवेलीच्या बाबतीत आपण एका पंगतीला. पण वरच्या धरणांचे विसर्ग टप्प्याने सोडा हे काका इथे लिहितायत ते जिथे ऐकायला पाहिजे तिथे कोण ऐकतं?

---

नियमवाचक:

थोडं कायद्याचं सांगतो कारण गोंधळ बराच आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये पाणथळीची जी व्याख्या आहे त्यातून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे त्या व्याख्येने बघितलं तर नांदूर मध्यमेश्वर पाणथळच नाही 😅 पण तेच नियम रामसर स्थळांना लागू आहेत असंही तिथेच लिहिलंय. आणि जो भाग अभयारण्यात आहे त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, तो जास्त कडक. त्यामुळे बंधारा आणि कालव्याची दारं जलसंपदाच्या ताब्यात, पक्षी आणि काठ वन्यजीव विभागाकडे, आणि सांडपाणी वर महापालिकेकडे. गाळ काढायची परवानगी मागायला गेलात की या तीन दारांवर फिरावं लागतं. सरसकट 'अभयारण्य आडवं येतं' म्हणण्यात अर्थ नाही, वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि आराखड्यात बसत असेल तर पाणथळीत काम करता येतं, फक्त ते कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात हे आधी ठरवावं लागतं. विणीच्या आणि स्थलांतराच्या काळात जेसीबी घातला तर कोणीही अडवणारच. मार्च ते मे मध्ये दारांसमोरचं काम, असं काहीतरी काका म्हणतात तसं बसू शकतं.

---

टेलचा_माणूस:

मार्च ते मे म्हणजे आमचं उन्हाळी आवर्तन! त्या वेळी पातळी खाली केली तर कालव्यात पाणी कसं जाणार? बघा, कुठूनही सुरू करा, फिरून आमच्यावरच येतं.

---

जुना_पाटबंधारेवाला:

दोन आवर्तनांच्या मधल्या खंडात करायचं, तेवढे दिवस मिळतात, आम्ही दारांची दुरुस्ती तेव्हाच करायचो. तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आधीच ठरवून घ्यायच्या. त्या बैठकीत आमदार असतात, कारखान्याचे लोक असतात, पाणी वापर संस्था असतात. पक्ष्यांच्या बाजूचं माणूस तिथे माझ्या वेळी तरी कधी पाहिलं नाही. शराटीसारख्या दोघांनी जाऊन मागे बसायला काय हरकत आहे, चहा मिळतो.

---

शराटी:

हे डोक्यात आलंच नव्हतं. नाशिकच्या ग्रुपवर टाकतो.

---

चापडगावचा_पाव्हणा:

इथे गाळावर एवढं झालं की बिचाऱ्याचा ट्रिपचा प्रश्न राहिलाच. मी देतो उत्तर.

दुर्बीणवाले, पुण्याहून येताय तर संगमनेर-सिन्नर करून या. अभयारण्याचं मुख्य ठिकाण चापडगाव, तिथे वन विभागाचं गेट आहे, निरीक्षण मनोरे आहेत, गावातलीच पोरं गाईड म्हणून मिळतात. गाईड घ्याच, पैसे वाचवू नका, त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप असतो आणि आदल्या दिवशी काय कुठे बसलं होतं ते त्यांना पाठ असतं. आईबाबांना मनोऱ्यापर्यंत चालणं जमेल, सपाट आहे, पण पहाटेची थंडी मजाक नाही, निफाडचा पारा बऱ्याचदा महाराष्ट्रात सगळ्यात खाली जातो तो उगीच नाही, कानटोपी आणि शाल सोबत ठेवा. सूर्य उगवायच्या आधी पोचलात तर क्रौंच दिसायचा चान्स, ते सकाळी शेतात चरायला निघून जातात. पट्टकदंब पण डिसेंबर-जानेवारीत येतात. थापट्या आणि हळदी-कुंकू तर हमखास. भोवत्या पाण्यावरून फिरायला लागला की सगळी बदकं एकदम उठतात, तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

दुसऱ्या बाजूला खाणगाव थडी, तिकडून पण चांगलं दिसतं आणि गर्दी कमी. बंधारा बघायचा तर नांदूर मध्यमेश्वर गावाकडे जा, तिथे नदीत जुनं दगडी देऊळ पण आहे. बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा दारांवर जाऊ देत नाहीत आणि जाऊही नका, वरून विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही. रस्त्यावरून दोन्ही कालव्यांची मुखं दिसतात, आणि तिथूनच तिसरा, नांदूर मध्यमेश्वर जलद कालवा पण निघतो, तो नवीन आहे, मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जातो, त्याला पाणी मुकणे, भावली, वाकी, भाम या धरणांचं. एकाच जागेवरून एक शंभर वर्षांचा आणि एक अलीकडचा कालवा शेजारी बघायला मिळतो, तुमच्यासारख्याला आवडेल.

कालव्याच्या भरावावरून चालायचं म्हणाल तर खाली लोक सर्रास चालतात, गाड्यापण घालतात, कोणी हाकलत नाही पण ती सार्वजनिक वाट नाही हे लक्षात ठेवा आणि आवर्तन चालू असताना कडेला पोराबाळांना सोडू नका, पाणी दिसतं त्यापेक्षा जोरात असतं, काठ घसरडे असतात, पडलं तर धरायला काही नसतं. आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने अजिबात फिरू नका. आमच्या तालुक्यात बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, रोजचं झालंय.

---

टेलचा_माणूस:

बिबट्या पण कालव्यानेच आणला म्हणायचं, ऊस नसता तर तो लपला कुठे असता. असो. दुर्बीणवाले दादा, राहात्याकडे आलात तर शिर्डीच्या आधी वळा, कालव्याच्या एका दगडी मोरीवर नेतो तुम्हाला, खालून ओढा वाहतो आणि वरून कालवा, चुन्यातलं काम आहे, शंभर वर्षांत एक दगड हलला नाही. गळते ती पुढची नवीन दुरुस्ती.

---

दुर्बीणवाला_पुणे:

टेलदादा नक्की येणार, मेसेज करतो. शराटी, आवर्तनाची तारीख कळली की इथेच टाका ना, त्याच्या आधी यावं की नंतर?

---

शराटी:

चिखलपायटे बघायचे असतील तर बंद झाल्यावर तीन-चार दिवसांनी. कालवा भरून वाहताना बघायचा असेल तर चालू असताना. दोन्ही हवं असेल तर आवर्तनाच्या शेवटच्या दिवशी खाली राहात्याला जा, मुक्काम करा आणि मग वर चापडगावला या.